उपकार कोणाचे? मराठी ख्रिस्ती उपासनेतल्या एका शब्दाविषयी

मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी रोज असणारा आणि इतर मराठी माणसाच्या कानावर क्वचितच पडणारा एक शब्द आहे : उपकारस्तुती. जेवणाआधी, झोपण्याआधी, मूल पास झाल्यावर, ताप उतरल्यावर, शेतात माल आल्यावर तो येतोच. मराठी बायबलमध्ये पौलाच्या पत्रांत तो वारंवार भेटतो. थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात तर तो आज्ञा म्हणून येतो, आणि सर्व परिस्थितीत पाळायची आज्ञा म्हणून. 'कृतज्ञता' हा शब्द हाताशी असताना भाषांतरकारांनी 'उपकारस्तुती' पसंत केला, हे माझ्या मते फार मोलाचे झाले. कृतज्ञता ही मनाची अवस्था आहे, ती मनातच राहू शकते. उपकारस्तुती करावी लागते. तिला क्रियापद लागते, आणि कोणाची हेही सांगावे लागते. 'आभार' या शब्दात तर भार आहे. तो मानला की माणूस वाकतो. 'धन्यवाद' सभेच्या शेवटी येतो. खेड्यातल्या घरात आईला कोणी धन्यवाद म्हणत नाही, म्हटले तर तीच विचारील, काय झाले रे तुला?

पण या शब्दातला 'उपकार' निरुपद्रवी नाही. ज्या समाजांतून मराठवाड्यातली ख्रिस्ती मंडळी मोठ्या प्रमाणावर उभी राहिली, त्यांच्या कानाला हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या मालकाच्या तोंडून ऐकू आला होता. म्हणून उपकारस्तुतीचा विचार केवळ भक्तीच्या अंगाने करणे पुरेसे नाही. उपकार कोणाचे, हा प्रश्न आधी येतो. आणि तो विचारायला जालन्याइतकी योग्य जागा नाही.

रेव्हरंड नारायण शेषाद्री हे नाव आज जालन्याबाहेर फारसे उच्चारले जात नाही. १८४३ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याच वर्षी त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे गेला आणि त्याला पुन्हा जातीत घेण्यावरून मुंबईत वादळ उठले. बाळशास्त्री जांभेकर श्रीपतच्या बाजूने उभे राहिले, म्हणून श्रीपत शेषाद्री प्रकरण आपल्या प्रबोधनाच्या इतिहासात नोंदले गेले. नारायणराव मात्र त्या इतिहासातून निसटले. १८५४ साली त्यांना फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडची पाळकाची दीक्षा मिळाली. १८६०च्या दशकात ते निजामाच्या राज्यातल्या जालन्यास आले आणि इथल्या मांग-महार वस्त्यांमध्ये काम करू लागले. हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांच्या काळात त्यांना जालन्याजवळ जमीन मिळाली आणि तिच्यावर ख्रिस्ती कुटुंबांचे एक गाव वसले. एका ब्राह्मण धर्मांतरिताने, मुसलमान राज्यात, स्कॉटिश चर्चच्या आधाराने, अस्पृश्यांसाठी वसवलेले हे गाव. त्याचे नाव बेथेल.

बेथेल म्हणजे देवाचे घर. एवढा अर्थ सगळे सांगतात. त्या नावामागची गोष्ट मात्र उपासनेत अर्धीच सांगितली जाते. उत्पत्तीच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात याकोब भावाला फसवून घरातून पळालेला आहे. उशाला दगड घेऊन तो उघड्यावर झोपतो, स्वप्नात शिडी पाहतो, सकाळी त्याच दगडावर तेल ओततो आणि जागेला बेथेल म्हणतो. मग तो देवाला बोलतो तो शुद्ध मराठी नवस आहे. वाटेत सांभाळलेस, खायला भाकरी दिलीस, अंगावर वस्त्र दिलेस आणि सुखरूप घरी आणलेस, तर तू माझा देव, आणि मिळेल त्याचा दशांश तुझा. खंडोबाला किंवा तुळजाभवानीला बोललेल्या नवसाहून या वाक्याची घडण वेगळी नाही. मिशनरी पुस्तिकांनी देशी नवसांवर इतके कोरडे ओढले, पण बेथेलच्या मुळाशीच एक नवस आहे हे त्यांना दिसले नसावे, किंवा दिसूनही सोयीचे वाटले नसावे. मला याकोबाचा नवस प्रामाणिक वाटतो. उपाशी माणूस देवापाशी पहिल्यांदा भाकरी आणि कपडाच मागतो. बेथेलमध्ये आलेल्या पहिल्या कुटुंबांनी याहून निराळे काही मागितले असेल असे मानण्याचे कारण नाही. पोटासाठी धर्म सोडला, असा टोमणा त्यांना मारला गेला तो याच जागेवरून. त्या टोमण्याला याकोबच उत्तर आहे.

आता खळ्याकडे येऊ. बलुतेदारीच्या गावात सुगीनंतर खळ्यावर धान्याची वाटणी होई आणि महार-मांगांचा वाटा खालच्या मानाचा असे. काम आधी झालेले, वाटा परंपरेने ठरलेला, तरीही तो घेताना हात पसरायचा आणि मालकाचे उपकार मानायचे. दया पवारांनी १९७८ साली आपल्या आत्मकथनाला 'बलुतं' हेच नाव दिले, त्यात हा सगळा इतिहास आला. चर्चमधला कापणीचा सण या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे. त्या दिवशी मंडळीतली माणसे ज्वारीची कणसे, बाजरी, भोपळे, कोंबडी, अंडी, जे असेल ते वेदीपुढे आणून ठेवतात. उपासनेनंतर बहुधा त्याचा लिलाव होतो आणि दहा रुपयांचा भोपळा हसतखेळत शंभरावर जातो. मंडळीची तिजोरी भरण्याची युक्ती म्हणून याकडे पाहणारे आहेत. मला त्यात खळ्याची उलटापालट दिसते. ज्याचे आजोबा खळ्याच्या कडेला हात पसरून उभे राहत, तो इथे देणारा म्हणून मधोमध येतो. उपकार मानायचे आहेत, पण पाटलाचे नाहीत. ज्याने पाऊस पाडला त्याचे मानायचे आहेत, आणि तो बदल्यात वेठ मागत नाही. बायबलातला कृपेचा विचार कितीही सूक्ष्म असो, मराठवाड्यात तो कळला असेल तर अशाच कृतींतून.

पाटील गेला, पण त्याच्या जागी मिशनचा साहेब येऊन बसण्याचा धोका होताच. घर मिशनचे, शाळा मिशनची, पगार मिशनचा, मग प्रार्थनेतली उपकारस्तुती नेमकी कुठे जाते? साहेब मायबाप हे संबोधन जुन्याच सवयीतून आले होते. हा पेच सर्वांत तीव्रपणे ओळखला तो रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी, जालन्यात नव्हे, अहमदनगरात. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी मिशनचे उपकार कधी नाकारले नाहीत. तरी १९१७ साली ते अमेरिकन मराठी मिशनच्या चाकरीतून बाहेर पडले आणि त्यांनी 'देवाचा दरबार' काढला. कृतघ्नपणा म्हणून त्याकडे पाहता येईल. मला ते उपकारस्तुतीच्या शिस्तीचे टोक वाटते. ज्याचे उपकार मानायचे त्याचे मानता यावेत, म्हणून मधल्या दात्यापासून मोकळे होणे. टिळकांच्या भजनांनी मराठी चर्चच्या तोंडी जी भाषा दिली तिच्यात साहेब नाही. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते स्वतः सांगत. उतराई होता येत नाही हे वारकऱ्याला ठाऊक असतेच. टिळकांनी तीच जाणीव अभंगाच्या चालीवर चर्चमध्ये आणली.

उपकारस्तुतीचा आणखी एक बिघाड बायबलच दाखवते. लूकच्या शुभवर्तमानात मंदिरात उभा राहून परूशी प्रार्थना करतो. त्याची प्रार्थना उपकारस्तुतीच असते, मी इतर माणसांसारखा नाही, त्या जकातदारासारखा तर नाहीच, याबद्दल. त्याच्याच एक अध्याय आधी दहा कुष्ठरोगी बरे होतात आणि परत येऊन आभार मानतो तो एकटा शोमरोनी, परका. मराठी ख्रिस्ती साक्षींचे वाङ्मय वाचताना या दोन गोष्टी शेजारी ठेवाव्यात. कितीतरी साक्ष-पुस्तिकांत पानोपानी उपकारस्तुती असते आणि माणूस कुठेच दिसत नाही. अंधारातून प्रकाशात, एवढाच प्रवास. मागे राहिलेले भाऊबंद सगळे अंधारात. ही परूशाची शैली आहे, मग लिहिणारा कितीही नम्र असो.

याच्या उलट लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. १९३४ ते १९३६ या काळात ती चार भागांत आली. त्यात उपकारस्तुती हा शब्द मोजून काढला तर फार मिळणार नाही, आणि तरीही मराठीत या साधनेचे याहून चांगले पुस्तक मला माहीत नाही. नवऱ्याने धर्म बदलल्यावर नातलगांच्या आधाराने काढलेली वर्षे, घरातले दारिद्र्य, टिळकांचा संताप आणि त्यांचा उधळा दानशूरपणा यांतले काहीही त्या गोड करून सांगत नाहीत. पण ज्याने घासभर दिले, ज्याने रडताना जवळ बसून घेतले, त्याला त्या विसरतही नाहीत, तो हिंदू की ख्रिस्ती हे न पाहता. सोवळ्याचा अतिरेक करणाऱ्या वडिलांबद्दलही त्या चीड आणि माया एकाच सुरात ठेवतात. जात त्यांनी सोडली ती प्रवचन ऐकून नव्हे, मनाशी झगडून. आणि हा झगडाही त्या विनोदाने सांगतात. लक्ष्मीबाईंची उपकारस्तुती म्हणजे नीट आठवणे. भाबडेपणाचा तिच्याशी संबंध नाही.

आठवणे ही सवय लावून घेण्याची गोष्ट आहे, हे ख्रिस्ती परंपरेने फार आधी ओळखले. इग्नेशियस लोयोलाने सोळाव्या शतकात रोजच्या आत्मपरीक्षणाची जी पद्धत दिली, तिची पहिली पायरी दोषांची मोजदाद नसून मिळालेल्या गोष्टींबद्दल देवाचे आभार आहे. १५६३च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत ख्रिस्ती आचरणाचा सगळा भाग, अगदी दहा आज्ञासुद्धा, 'कृतज्ञता' या मथळ्याखाली येतो. हल्ली रोज तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहा, असा सल्ला मानसोपचारतज्ज्ञही देतात. २००३ साली एमन्स आणि मॅकलो या अमेरिकन संशोधकांनी अशा नोंदी ठेवणाऱ्यांचे समाधान वाढल्याचे दाखवले. त्यात वाईट काही नाही. फक्त त्या वहीत समोर कोणी नसते. उपकार असतात, उपकारकर्ता नसतो. जालन्याच्या एखाद्या घरात ताटावर हात जोडून म्हटलेली दोन ओळींची प्रार्थना पुष्कळदा यांत्रिक होते, पोरे एक डोळा उघडून भाकरीकडे पाहत असतात. तरी तिच्यात कोणाला तरी उद्देशून बोलणे टिकून आहे.

राहता राहिला 'सर्व परिस्थितीत' हा पौलाचा आग्रह. १९७२चा दुष्काळ या जिल्ह्यातल्या म्हाताऱ्यांना अजून आठवतो. २०१२-१३ साली तर जालन्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, वर्षानुवर्षे जपलेली झाडे शेतकऱ्यांनी स्वतःच्या हातांनी तोडली आणि गावे टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसली. अशा वर्षी वेदीपुढे काय ठेवायचे? हबक्कूक संदेष्ट्याच्या शेवटच्या अध्यायात अंजिराला फूल नाही, वेलीला फळ नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरे नाहीत अशी यादी येते आणि तिच्यानंतर 'तरी'. याकोबाचा नवस जर-तरचा होता. हबक्कूकने 'जर' सोडला. पण हा 'तरी' धर्मोपदेशकाने दुष्काळग्रस्ताला शिकवायचा नसतो. हबक्कूकचे पुस्तक सुरू होते ते तक्रारीने, देवा किती काळ, या प्रश्नाने, आणि ती तक्रार पुरी केल्यावरच तो 'तरी'पर्यंत पोचतो. स्तोत्रसंहितेतली एकतृतीयांशाहून अधिक स्तोत्रे विलापाची आहेत. आपल्या चर्चमध्ये ती वाचली जातात, गायली मात्र फार कमी जातात. गाण्यासाठी उपकारस्तुतीची निवडली जातात. त्यामुळे वाळलेल्या बागेचा मालक कापणीच्या सणाला बाजारातून घेतलेली फळे आणून ठेवतो आणि गप्प बसतो.

उत्पत्तीच्या पस्तिसाव्या अध्यायात याकोब बेथेलला परत येतो, नवस फेडायला. भाकरी मिळाली, कपडा मिळाला, घरी सुखरूप पोचला. तो वेदी बांधतो. त्याच अध्यायात रिबकेची म्हातारी दाई दबोरा वारते आणि तिला बेथेलच्या खाली एका झाडाशी पुरतात. त्या झाडाला त्यांनी नाव दिले ते रडण्याचे झाड असे.