दीनानाथ दलाल : चित्र, अक्षर आणि छापील पान

मराठी चित्रकलेच्या इतिहासात दीनानाथ दलालांना कोठे बसवायचे, हा प्रश्न नेहमी अवघड गेला आहे. कथाचित्रकार म्हणावे, तर त्यांची निसर्गचित्रे आणि नायिकाचित्रे बाहेर राहतात. चित्रकार म्हणावे, तर पुस्तकांसाठी आणि मासिकांसाठी केलेले प्रचंड काम 'पोटापाण्याचे' ठरते. अक्षरांकडे असलेली त्यांची नजर तर दोन्ही रकान्यांत मावत नाही. माझ्या मते दोष दलालांत नाही, रकान्यांत आहे.

हे मी मेडशीत बसून लिहितो आहे, याला कारण आहे. अकोला-वाशीम रस्त्यावरच्या आमच्या गावासारख्या गावांत कलादालन कधी नव्हते. चित्र आमच्यापर्यंत आले ते छापील कागदावरून : कॅलेंडर, पाठ्यपुस्तक, कादंबरीचे मुखपृष्ठ आणि दिवाळी अंक. मूळ कॅनव्हास आणि त्याची छापील प्रतिकृती हा शहरातला भेद येथे कधी कुणाला पडलाच नाही. आमच्यासाठी छापील पान हेच मूळ चित्र होते. दलालांचा विचार करायला ही जागा म्हणूनच सोयीची आहे, कारण त्यांनीही चित्र काढले ते बहुतेक याच पानासाठी.

दलाल मूळचे गोव्याचे. जन्म 1916चा, निधन 1971चे. मुंबईत येऊन त्यांनी 1937मध्ये चित्रकलेची पदविका घेतली. हा काळ लक्षात घेण्याजोगा आहे. सर ज. जी. कलाशाळेत व्यावसायिक कलेचा विभाग 1935मध्ये सुरू झाला होता. म्हणजे 'रंगचित्र' आणि 'उपयोजित चित्र' यांच्या वाटा अधिकृतपणे वेगळ्या होत असतानाच दलाल बाहेर पडले, आणि त्यांनी दोन्ही वाटा एकाच पायांनी चालायच्या ठरवल्या. 1945मध्ये त्यांनी 'दीपावली' हा अंक सुरू केला. का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'ने 1909मध्ये दिवाळी अंकाची प्रथा घातली होती. दलालांमुळे अशा अंकाचा मालक-संपादकच चित्रकार झाला. पुढे दोन वर्षांनी, 1947मध्ये, त्याच मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला. आधुनिक भारतीय चित्रकलेची कहाणी या गटापासून सांगितली जाते. पण मराठी घराघरांतली नजर त्याच वर्षांत कोण घडवत होते, असे विचारले तर उत्तर दलाल आणि रघुवीर मुळगावकर असेच द्यावे लागेल. दोघेही गोव्याचेच. मुळगावकरांनी फवाऱ्याच्या तंत्राने कातडीवर गुळगुळीत झळाळी आणली, तर दलालांनी कुंचल्याचा फटकारा दिसू दिला.

हा फटकारा कोठून आला? मासिकाच्या आतल्या पानांचा कागद साधा, छपाई खिळ्यांची, आणि चित्र छापायचे ते जस्ताच्या लाइन ब्लॉकवरून. त्यात करडी छटा उतरत नाही. असतो तो फक्त काळा आणि कोरा कागद. मग सावली, पोत, वस्त्राची चुणी हे सारे रेषेच्या जाडीनेच सांगावे लागते. दलालांची रेषा दाबाने फुगते, उचलताना निमुळती होते, वळणावर पुन्हा भरते. हा गुण आपल्या ओळखीचा आहे. बोरूने लिहिलेल्या देवनागरी अक्षरातही जाड-बारीक असेच येते. चित्र आणि अक्षर यांचे नाते दलालांच्या कामात शोधायचे ते येथे, हाताच्या या सवयीत. चित्राखालची 'दलाल' ही देवनागरी सही पाहिली, तरी ती त्याच रेषेचा शेवटचा तुकडा वाटते.

मुखपृष्ठावर हे नाते आणखी कसोटीला लागते. त्या काळी पुस्तकाचे नाव हातानेच रेखाटले जाई. रोमन अक्षरांपेक्षा देवनागरी येथे अधिक जागा मागते : वर वेलांटी, मात्रा, रफार, मध्ये शिरोरेषेला टांगलेले अक्षर, खाली उकार. म्हणजे एका ओळीला तीन मजले. एवढा पसारा रंगीत चित्रावर मांडायचा, तर चित्रातच त्याच्यासाठी शांत जागा राखावी लागते, आणि ती चित्र पूर्ण झाल्यावर सापडत नाही. दलालांच्या चांगल्या मुखपृष्ठांत नाव नंतर चिकटवल्यासारखे वाटत नाही, याचे कारण हेच. रचना करणारा माणूस रंग आणि अक्षर यांचा विचार एकदमच करत होता. 'मृत्युंजय'च्या मुखपृष्ठाशिवाय ती कादंबरी आठवणारा वाचक माझ्या पिढीत मला भेटलेला नाही.

मात्र या सामर्थ्याची दुसरी बाजूही आहे. बाबासाहेब पुरंदरे यांच्या 'राजा शिवछत्रपती'साठी दलालांनी काढलेल्या चित्रांनी अनेकांच्या मनातला सतरावा शतकच ठरवून टाकला. गड, घोडे, पगड्या, डोळ्यांतला त्वेष हे सारे आपण 'पाहिले' आहे असे वाटते, आणि पाहिलेले असते ते चित्र. कथाचित्र इतके प्रभावी झाले की ते मजकुराला साथ देत नाही, त्याच्या पुढे चालू लागते. दलालांच्या स्त्रियांबाबतही तक्रार रास्त आहे. राणी असो वा मोलकरीण, भुवयांची कमान आणि मानेचा डौल तोच राहतो. नवकथेने मराठीत जी कुरूपता, जो एकाकीपणा आणला, त्याला ही देखणी रेषा पुरी पडणे कठीण होते. त्या साहित्याला वसंत सरवटे, बाळ ठाकूर, पद्मा सहस्रबुद्धे यांच्या वेगळ्या रेषा लाभल्या, हे मराठीचे भाग्य.

तरीही दलालांचे एकसंधपण पुढे विरळ होत गेले. अक्षराची स्वतंत्र विद्या झाली. र. कृ. जोशींनी तिला अभ्यासाची बैठक दिली, आणि संगणकावरचा 'मंगल' हा देवनागरी टंकही त्यांनीच घडवला. हा लाभ मोठाच आहे. पण चित्र एकाचे, अक्षर दुसऱ्याचे आणि मांडणी तिसऱ्याची झाल्यावर पान जुळवावे लागते. ते एका हातून उतरत नाही. खेड्यात हे फार स्पष्ट दिसले. गावचा पेंटर दुकानाची पाटी लिही, देवळाच्या भिंतीवर मारुती रंगवी आणि शाळेत पुढाऱ्यांची चित्रेही काढी. 'तुम्ही नेमके कोण?' असे त्याला कुणी विचारत नसे. फ्लेक्स आला आणि तीनही कामे एकदमच गेली. दलालांना तीन रकान्यांत तोडणारी समीक्षा आणि या पेंटराला कलावंतच न मानणारी समीक्षा एकच आहे.

याचा परिणाम केवळ वैचारिक नाही. ग्रंथालयांत पुस्तक खिळखिळे झाले की मुखपृष्ठ काढून टाकतात आणि जाड पुठ्ठ्याची बांधणी घालतात. जुने दिवाळी अंक तर वर्षा-दोन वर्षांत रद्दीत जातात. कॅनव्हास असा कुणी फाडला असता तर ओरड झाली असती. ज्या गावांत छापील पान हेच कलादालन होते, तेथे ही बांधणी म्हणजे त्या दालनाच्या भिंती उतरवणे होय. उपाय फार खर्चाचा नाही. बांधणी करताना मुखपृष्ठ आत शिवून घ्यावे, आणि नोंदवहीत लेखकाच्या नावाखाली चित्रकाराचे आणि अक्षरकाराचेही नाव लिहावे. एवढे झाले, तरी दलालांच्या समग्र अभ्यासाची सामग्री जिल्ह्याजिल्ह्यांत पडून आहे, हे पुढच्या संशोधकाला कळेल.