पुडीतली बरकत

आमच्या घरी तांदळाच्या डब्यात एक पुडी असे. आईने घोडेगावच्या बाजारातून आणलेली. आत मंतरलेली राख आणि चिमूटभर भंडारा. तिने घरात पैसा ओढून येतो, असे विकणाऱ्याने सांगितले होते. आई भाताच्या लावणीला दुसऱ्याच्या खाचरात जायची. पैसा यायचा तो तिथून. पुडीचे पैसे मात्र रोख गेले.

आपल्या कथा-आत्मकथनांत अंगारा येतो तो बहुधा म्हातारीचे अज्ञान दाखवायला. लेखक हसतो, नाहीतर हळवा होतो. पुडी कितीला घेतली, हे क्वचितच कोणी लिहितो. जोतीरावांनी लिहिले. 1855 च्या ‘तृतीय रत्न’मध्ये जोशी गरोदर कुणबिणीला ग्रहांचे भय घालतो, आणि नाटक थेट खर्चाच्या हिशेबात शिरते. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारले, यात नवल ते काय!

पण जोतीरावांचा जोशी भीती विकतो. पुडीवाला आशा विकतो. हा फरक आपल्या समीक्षेने तपासायला हवा. 1956 नंतर आमच्या घरातले देव गेले, पुडी राहिली. कारण सावकार राहिला होता. चमत्कार दाखवून पैसे उकळणे 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवले. रित्या डब्याला कायदा काय करणार?

याच जुन्नरच्या लेण्यांत धान्य-व्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणे आणि पाण्याची पोढी दान दिल्याचा लेख आहे. धान्याचा पैसा कुठे साठतो, ते दगडावर लिहिलेले आहे. आईला वाचता येत नव्हते. मला येते, तरीही माझ्या पहिल्या कथेत ती पुडी मी विनोदासाठीच वापरली.