एकशे त्रेपन्न मासे : सूक्ष्म तपशील आणि प्रतीकार्थाची मर्यादा

योहानकृत शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायात पुनरुत्थित येशू तिबिर्य समुद्राच्या काठी शिष्यांना दर्शन देतो. रात्रभर रिकामे राहिलेले जाळे त्याच्या शब्दावरून तारवाच्या उजव्या बाजूस टाकले जाते. शिमोन पेत्र ते ओढून काठावर आणतो. त्यात १५३ मोठे मासे होते आणि इतके असूनही जाळे फाटले नाही, असे अकराव्या वचनात सांगितले आहे. या एका वचनावर सुमारे सोळा शतके प्रतीकार्थाचा शोध चालू आहे. ग्रंथातील सूक्ष्म तपशिलास अर्थ केव्हा असतो आणि तो केव्हा लादला जातो, या प्रश्नाच्या विवेचनास याहून उपयुक्त उदाहरण क्वचितच सापडेल.

संख्येचा प्रश्न अगदीच निराधार नाही. येथील निवेदक संख्या देताना ‘सुमारे’ या अर्थाचे ‘होस्’ हे ग्रीक अव्यय वारंवार योजतो. पाच हजार पुरुष ‘सुमारे’ आहेत; याच प्रसंगात तारवाचे काठापासूनचे अंतरही ‘सुमारे’ दोनशे हात आहे. माशांची संख्या मात्र नेमकी आहे. या नेमकेपणामुळे वाचक थबकला, तर दोष वाचकाचा नव्हे.

संत ऑगस्टीनने (३५४–४३०) दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे. १ पासून १७ पर्यंतच्या अंकांची बेरीज १५३ होते. १७ म्हणजे दहा आज्ञा अधिक पवित्र आत्म्याचे सप्तविध दान, अर्थात नियमशास्त्र आणि कृपा यांचा संयोग. विचार उदात्त आहे. परंतु ही पद्धती गरजेपेक्षा अधिक सिद्ध करते. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या सत्ताविसाव्या अध्यायात पौलाच्या जहाजावर २७६ माणसे असल्याचे प्रचलित पाठात म्हटले आहे. ही संख्याही १ ते २३ यांची बेरीज आहे. तेथे गूढार्थ नसेल, तर केवळ त्रिकोणी संख्या असणे हा गूढार्थाचा पुरावा ठरत नाही.

जेरोमने दुसरा मार्ग धरला. प्राणिविषयक लेखकांनी, विशेषतः ओप्पियनने, माशांच्या १५३ जाती सांगितल्या आहेत, असे तो म्हणतो; म्हणून जाळ्यात सर्व मानवजात आली. परंतु ओप्पियनच्या उपलब्ध काव्यात ही संख्या दिलेली नाही. येथे अर्थाने आपला आधार स्वतःच निर्माण केलेला दिसतो.

१९५८ मध्ये जे. ए. एमर्टन यांनी यहेज्केलाच्या सत्तेचाळिसाव्या अध्यायाकडे लक्ष वेधले. तेथे मंदिरातून निघालेल्या नदीमुळे मृत समुद्राचे पाणी गोडे होते आणि एन-गेदीपासून एन-एग्लाइमपर्यंत कोळी जाळी पसरतात. हिब्रू अक्षरांच्या अंकमूल्यांनी ‘गेदी’चे १७ आणि ‘एग्लाइम’चे १५३ होतात. प्रसंगसाम्यामुळे ही उपपत्ती पूर्वीच्या दोहोंपेक्षा सरस आहे. तथापि कटपयादी पद्धतीने लिहिलेला अंक उलगडतो, तो लेखक आणि वाचक यांना एकच संकेत ठाऊक असल्यामुळे. योहानाचा ग्रंथ मात्र ग्रीक वाचकासाठी आहे. ‘रब्बी’, ‘मशीहा’ यांसारख्या शब्दांचाही तो अर्थ सांगतो. अशा वाचकाकडून हिब्रू अक्षरगणिताची अपेक्षा करणे कठीण होय.

याउलट त्याच वचनातील न फाटलेले जाळे पाहावे. ‘फाटणे’ या अर्थाचे ‘स्खिझो’ हे क्रियापद योहानात अन्यत्र एकदाच येते : वधस्तंभाजवळ शिपाई येशूचा बिनशिवणीचा अंगरखा न फाडण्याचे ठरवतात तेथे. त्याच धातूपासून झालेले ‘स्खिस्मा’, म्हणजे फूट, हे नाम सातव्या, नवव्या आणि दहाव्या अध्यायांत येशूवरून लोकांत पडलेल्या फुटीसाठी आले आहे. काठावरील कोळशांच्या विस्तवाचेही असेच. ‘अँथ्राकिया’ हा शब्द संपूर्ण नव्या करारात दोनच ठिकाणी आहे : पेत्राने येशूला नाकारले त्या अंगणात आणि येथे. तेथे तीन वेळा नकार, येथे तीन वेळा प्रेमाविषयी प्रश्न. मीमांसकांनी तात्पर्यनिर्णयाच्या लिंगांत ‘अभ्यास’, म्हणजे पुनरुक्ती, गणली आहे, तिचे स्मरण येथे साहजिक आहे.

केवळ पुनरुक्तीही मात्र पुरेशी नाही. जाळे ‘ओढणे’ यासाठी आलेले ‘हेल्को’ हे क्रियापद बाराव्या अध्यायात सर्वांना आपल्याकडे ओढून घेणाऱ्या येशूच्या तोंडी आहे. परंतु अठराव्या अध्यायात पेत्र तलवार उपसतो तेथेही तेच आहे. शब्दसाम्यास प्रसंगाचा दुजोरा मिळाला, तरच त्यावर अर्थाची उभारणी करता येते.

ऑगस्टीनने त्याच प्रवचनात लूकच्या पाचव्या अध्यायातील फाटू लागलेली जाळी आणि हे अखंड जाळे यांची तुलना करून मंडळीतील फूट व अंतिम ऐक्य यांचा अर्थ काढला आहे. तो ग्रंथाच्या शब्दांवर उभा आहे, म्हणून टिकतो. सतराचा अर्थ भाष्यकाराच्या बुद्धिवैभवावर उभा आहे, म्हणून डळमळतो. एकाच भाष्यकाराच्या एकाच विवेचनात हे दोन्ही प्रकार आढळावेत, ही गोष्ट उद्बोधक आहे. प्रतीकार्थ सरसकट त्याज्य मानणारा वाचक विस्तवाजवळचा पेत्र गमावील. सर्वत्र प्रतीक पाहणाऱ्याला ग्रंथात स्वतःचेच विचार परत ऐकू येतील. माशांची नेमकी संख्या त्या समृद्धीची साक्ष देते. त्यापलीकडचा अर्थ वचनातील शब्दांनीच सांगितला पाहिजे.