‘कीलहॉर्न पाहा’ : एका संकेताविषयीं

पोथीसंग्राहकांच्या टिपणांत ‘कीलहॉर्न पाहा’ एवढाच संकेत वारंवार आढळतो. एका जर्मन आडनांवानें सर्व कांहीं सांगून झालें, अशी यांतील समजूत आहे. ती सदोष आहे, असें आमचें नम्र मत आहे.

फ्रान्झ कीलहॉर्न (१८४०–१९०८) हे १८६६ पासून १८८१ पर्यंत पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत संस्कृताचे अध्यापक होते. तेथें अनंतशास्त्री पेंढरकर यांजपाशीं त्यांनीं व्याकरणाचा पाठ घेतला. परिभाषेंदुशेखर व त्रिखंडात्मक महाभाष्य हीं त्यांचीं संपादनें सर्वमान्य आहेत. परंतु साताऱ्याच्या भास्करशास्त्री अभ्यंकरांच्या घराण्यांतील काशिनाथ वासुदेव अभ्यंकर यांनीं पहिल्या ग्रंथाची दुसरी आवृत्ति १९६० मध्यें शोधून प्रसिद्ध केली. महाभाष्याची तिसरी आवृत्तिही त्यांनींच सिद्ध केली. या आवृत्त्यांतील अभ्यंकरांचें टिपण कीलहॉर्न यांच्या नांवें उतरणें म्हणजे मूळ व पुरवणी यांचा विवेक सोडणें होय. हा प्रमाद प्रस्तुत लेखकाकडूनही एकदां घडला आहे. पोथीच्या लेखनिकास मात्र तो आपण क्षमा करीत नाहीं.

दुसरा दोष आडनांवावरून व्यक्ति वा कुल ठरविण्याचा. हाइन्रिख कीलहॉर्न (१८४७–१९३४) हे ब्राउनश्वाइग येथील शिक्षक. अभ्यासांत मागें पडणाऱ्या मुलांकरितां त्यांनीं तेथें १८८१ मध्यें शाळा काढली. त्याच वर्षीं फ्रान्झ यांनीं पुणें सोडलें. आडनांव व वर्ष जुळलें, एवढ्यावरून व्यक्ति एक ठरत नाहीं, कीं आप्तसंबंधही सिद्ध होत नाहीं. तसेंच ‘कील’ शब्द दिसतांच संस्कृत व्युत्पत्ति लावूं पाहणें हाही केवळ ध्वनिसाम्याचा भ्रम होय.

सांगलीचा ताम्रपट हें तर घरचेंच उदाहरण. राष्ट्रकूट चौथ्या गोविंदाचा शके ८५५ चा हा लेख फ्लीट यांनीं प्रसिद्ध केला, व कीलहॉर्न यांनीं दक्षिणेकडील लेखांच्या यादींत त्याची नोंद घेतली. ‘सांगली’ हें तो जेथें मिळाला तें स्थान. दान मात्र लोहग्रामाचें आहे. संज्ञा ही खूण होय, प्रमाण नव्हे.

यास्तव सूचीकारांनीं संपादकाचें संपूर्ण नांव, ग्रंथ, आवृत्ति, वर्ष व आवृत्ति शोधणाराचें नांव हीं पांचही द्यावीं. ज्या पंडितानें हस्तलिखितें ताडून पाहिल्यावांचून पाठ स्वीकारला नाहीं, त्याचें नांव तरी आपण ताडून पाहिल्यावांचून लिहूं नये.