दुष्काळाची शाई

चित्र म्हणजे रंग, आणि तेंहि दिवाणखान्याच्या भिंतीला शोभेल असें, ही समजूत आपल्या सुशिक्षित घरांतूनहि पक्की आहे. जैनुल आबेदीन यांचीं १९४३ सालचीं रेखाटनें अशा कोणत्याहि भिंतीवर लावण्याजोगीं नाहींत.

महायुद्धाचे ते दिवस. १९४२ सालीं ब्रह्मदेश जपानच्या हातीं पडला व तेथील तांदूळ यावयाचा थांबला. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत मेदिनीपुरास वादळानें झोडपलें. धान्याचे भाव भडकले, आणि बंगालच्या खेड्यांतील उपाशी माणसें कलकत्त्याच्या वाटेस लागलीं. सरकारी चौकशीमंडळानें मृतांचा आंकडा सुमारें १५ लक्ष धरला. पुढील अभ्यासकांपैकीं कित्येकांनीं तो ३० लक्षांच्या आसपास नेला आहे.

आबेदीन त्या वेळीं कलकत्त्याच्या सरकारी चित्रशाळेंत शिक्षक होते. ब्रह्मपुत्रेच्या जलरंगी देखाव्यांबद्दल १९३८ सालीं सुवर्णपदक मिळविणाऱ्या या चित्रकारानें रंगपेटी बाजूस सारली आणि हलक्या प्रतीचा कागद व काळी शाई घेतली. कुंचला जवळजवळ कोरडा. पाठीच्या कण्याची एक जाड, खरखरीत रेघ, बरगड्यांचे चार फटकारे, जवळ रिकामें भांडें. मागें बहुधा रस्ता नाहीं, घर नाहीं. रेघ पुरी न होतांच थांबते, आणि तेथें मांस उरलें नव्हतें हें पाहणारास निराळें सांगावें लागत नाहीं.

येथें मन अडखळतें. मरणोन्मुख बाईच्या चित्रांतील रेषेला सुंदर म्हणण्याचा आपणांस अधिकार काय? आयुष्यभर वर्गांत सौंदर्याची मीमांसा करीत आलेल्या आम्हांस तो शब्द या चित्रांपुढें उच्चारवत नाहीं. परंतु हीच रेघ कच्ची असती, तर आपण मान फिरवून पुढें गेलों असतों, हेंहि खरें.

एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. चित्तप्रसाद यांनीं त्याच वर्षीं मेदिनीपुर जिल्ह्यांत हिंडून चित्रें काढलीं, तेव्हां भेटलेल्यांपैकीं कित्येकांचीं नांवें-गांवें टिपून ठेविलीं. त्यांच्या पुस्तकाच्या प्रती सरकारनें नष्ट केल्या. आबेदीनांचीं माणसें निनांवी राहिलीं. त्यामुळें कोठें कोठें, विशेषतः कावळे जमतात त्या चित्रांत, माणूस जाऊन दुष्काळ हा शब्दच तेवढा उरतो. आई आणि मूल यांच्या चित्रांत असें होत नाहीं.

मूळ चित्रांपैकीं पुष्कळशीं आज ढाक्याच्या राष्ट्रीय संग्रहालयांत आहेत. कांहीं इला सेन यांच्या १९४४ सालच्या पुस्तकांत छापलीं आहेत. तें पुस्तक ज्यांस मिळेल त्यांनीं मजकूर वाचण्याआधीं नुसतीं चित्रेंच एकदां पाहावीं.