एक सांगाडा, दोन काडतुसे

संवेगाचा धडा आला की बंदूक आणि गोळीचे उदाहरण येतेच. पाठ्यपुस्तकातील ती बंदूक बिननावाची असते. तिच्या जागी खरी रायफल घेतली, तर गणिताबरोबर बरेच काही हाती लागते. उदाहरणादाखल रशियाची एके-१०१ घेऊ.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला. इझेव्हस्क शहरातील इझमाश कारखान्याला परदेशी गिऱ्हाइके हवी होती. रशियन फौज ५.४५ मिलिमीटरचे काडतूस वापरत होती, पण परदेशांतील कोठारांत मुख्यतः दोन काडतुसे भरलेली होती: जुने सोव्हिएत ७.६२ × ३९ आणि नाटो देशांचे ५.५६ × ४५. म्हणून कारखान्याने एकाच सांगाड्यावर भावंडे बेतली. एके-१०१ नाटोच्या काडतुसाची, एके-१०३ जुन्या सोव्हिएत काडतुसाची. दोन्हींची नळी ४१५ मिलिमीटर, दोन्हींचा दस्ता काळ्या प्लास्टिकचा आणि दुमडणारा, यंत्रणाही एकच. बदलते ते मुख्यतः काडतुसाशी संबंध येतो तेवढेच: नळी, बोल्ट, मॅगझिन. निर्मितीच्या दृष्टीने ही कल्पना शंभर नंबरी आहे.

पण 'एकच रायफल' म्हणणे भौतिकशास्त्राला मान्य नाही. एके-१०३ ची गोळी ७.९ ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे ७१५ मीटर. एके-१०१ ची गोळी ४ ग्रॅमची, वेग सुमारे ९१०. फळ्यावर मांडून पाहा. गतिज ऊर्जा अनुक्रमे सुमारे २,००० आणि १,६५० ज्यूल, म्हणजे फरक पंचमांशाच्या आसपास. संवेग मात्र ५.६ आणि ३.६, म्हणजे दीडपट! साडेतीन किलोची रायफल धरली, तर ती एकीकडे सेकंदाला १.६ मीटर आणि दुसरीकडे सुमारे १ मीटर वेगाने मागे येते. (नळीतून बाहेर पडणाऱ्या वायूचा संवेग आपण सोडून दिला आहे, तो धरला तर दोन्ही आकडे वाढतील.) ऊर्जा आणि संवेग यांतील भेद इतक्या लख्खपणे दाखवणारे उदाहरण मला तरी दुसरे सुचत नाही.

माझा खरा आक्षेप मॅगझिनवर आहे. जुन्या सोव्हिएत काडतुसाचे कवच पुढे बरेच निमुळते होते. कागदी पेले आडवे करून, तोंडे एका बाजूला ठेवून शेजारी शेजारी लावा. ओळ कमानीसारखी वळते. एके-१०३ चे मॅगझिन बाकदार असते ते यामुळेच. नाटोचे काडतूस कमी निमुळते, म्हणून एके-१०१ चे मॅगझिन त्यामानाने सरळ. इथपर्यंत ठीक. पण बऱ्याच नाटो देशांनी वापरात आणलेले, सरळ वर सरकवून बसवायचे मॅगझिन या रायफलीत बसतच नाही. तिला कलाश्निकोव्ह पद्धतीचे, पुढची कड आधी अडकवून मागे फिरवायचे मॅगझिनच लागते. गिऱ्हाइकाचे काडतूस चालते, पण ते भरलेला डबा चालत नाही. निर्यातीसाठी म्हणून केलेल्या रचनेत हे काम अर्धेच झाले.

भारताने मात्र या घराण्यातील जुन्याच काडतुसाची रायफल निवडली. पुण्याच्या संशोधन संस्थेत आखलेली इन्सास ५.५६ मिलिमीटरची होती. २०२१ च्या करारानुसार अमेठी जिल्ह्यातील कोरवा येथे बनवायच्या सहा लाखांहून अधिक एके-२०३ रायफली ७.६२ × ३९ च्या आहेत.

आणखी एक गोष्ट विक्रीपत्रकात नसते. नळीला आतून क्रोमचा मुलामा आणि सुट्या भागांत सैलसर जागा, यांमुळे ही रायफल धूळ आणि हेळसांड सोसते. विकताना हाच गुण पुढे केला जातो. लिबियाच्या राजवटीने एके-१०३ रायफली विकत घेतल्या होत्या. २०११ मध्ये ती राजवट कोसळली, आणि त्यांतल्या काही रायफली पुढे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील देशांत सापडल्या, चालू स्थितीत.