विद्यार्थी, ग्राहक आणि मधले मूल

मराठी बालसाहित्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, बालरंगभूमीवरही लिहिले गेले आहे. मुलांसाठीच्या मराठी दूरचित्रवाणीची मात्र आपण फारशी दखल घेतलेली नाही. गेली काही वर्षे बारामती आणि इंदापूर तालुक्यांतले निवृत्त शिक्षक, पालक आणि मुले यांच्याशी बोलून मी या विषयाची टिपणे जमवतो आहे. त्यांवरून एक गोष्ट स्पष्ट दिसते. सरकारने मुलाकडे विद्यार्थी म्हणून पाहिले आणि बाजाराने ग्राहक म्हणून. आपल्या गावात, आपली बोली बोलत पडद्यासमोर बसलेला प्रेक्षक म्हणून त्याचा विचार फार थोड्यांनी केला.

सुरुवात ‘बालचित्रवाणी’पासून करावी लागते. इन्सॅट उपग्रहामुळे शैक्षणिक प्रसारण शक्य झाले आणि 1984 साली पुण्यात ही संस्था उभी राहिली. देशातल्या सहा राज्यांत अशा संस्था निघाल्या. महाराष्ट्र त्यांपैकी एक. 5 ते 8 आणि 9 ते 11 असे दोन वयोगट धरून कार्यक्रम होत आणि ते दूरदर्शनवरून शाळेच्या वेळेत दाखवले जात. महाराष्ट्रातल्या एका पिढीला त्या कार्यक्रमांची आठवण आहे. बाहुल्या, गोष्टी, विज्ञानाचे सोपे प्रयोग यांत कष्ट आणि कळकळ दिसत असे.

अडचण कार्यक्रम शाळेत पोहोचल्यावर सुरू होई. इंदापूरकडच्या एका निवृत्त गुरुजींनी सांगितले की शाळेचा संच मुख्याध्यापकांच्या खोलीत कुलपात असे. चोरीला गेला तर जबाबदारी कोणाची, हा प्रश्न होता. दुसऱ्या एका बाईंच्या आठवणीत नेमक्या कार्यक्रमाच्या वेळी वीज गेलेली असे. कार्यक्रम एकदाच लागे. तो थांबवता येत नसे, पुन्हा दाखवता येत नसे. चार इयत्तांना एक शिक्षक असलेल्या शाळेत त्या वेळी कोणता वर्ग बसवायचा, हेही ठरत नसे. संपूर्ण राज्याला एक वेळ आणि एक प्रमाणभाषा, अशी ती रचना होती. 2017 मध्ये राज्य सरकारने ही संस्था बंद केली तेव्हा चर्चा झाली ती मुख्यतः कर्मचारी, थकलेले पगार आणि अनुदान यांची. ती आवश्यकच होती. पण मुलांनी यातून काय घेतले, हा प्रश्न त्या चर्चेत जवळजवळ नव्हता.

बाजाराची गोष्ट वेगळी आहे. 2007 साली तमिळमध्ये ‘चुट्टी टीव्ही’ ही मुलांची स्वतंत्र वाहिनी आली. पुढच्या चार वर्षांत तेलुगू, कन्नड आणि मल्याळममध्येही अशा वाहिन्या निघाल्या. मराठीत मात्र त्या काळात तशी एकही वाहिनी उभी राहिली नाही. लोकसंख्या हे त्याचे कारण म्हणता येत नाही. 2011च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे सव्वाआठ कोटींहून अधिक होते, मल्याळम सांगणारे सुमारे साडेतीन कोटी. माझ्या मते कारण जाहिरातीच्या हिशेबात आहे. मराठी मुलाला हिंदी समजते, म्हणून हिंदी वाहिनीवरची बिस्किटाची जाहिरात त्याच्यापर्यंत आपोआप पोहोचते. मग मराठीवर वेगळा खर्च कोण करील? मुलाला दुसरी भाषा येते, हा त्याचा गुणच त्याच्या भाषेत काही न होण्याचे निमित्त ठरला. अलीकडे काही वाहिन्यांनी मराठी ध्वनीची सोय केली आहे. ती स्वागतार्ह आहे. पण डोरेमॉन मराठी बोलू लागला म्हणून नोबिताचे घर भिगवणला येत नाही.

मराठीत हे जमतच नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. ना. धों. ताम्हनकरांच्या ‘गोट्या’वरची मालिका दूरदर्शनवर आली तेव्हा घरातली मोठी माणसेही ती पाहत. अभ्यासक्रमाचे ओझे नसलेला, खोडकर आणि भला मुलगा तिच्या केंद्रस्थानी होता. पुढे 2020च्या टाळेबंदीत सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका आली. पाठ्यपुस्तकाशी तिचे नाते होते, तरी फळ्यासमोरचे व्याख्यान टाळून घर आणि परिसर यांतून शिकणे तिने दाखवले. शाळा बंद पडल्यावरच आपल्याला मुलाचे घर दिसले, हेही नोंदवायला हवे.

इथे परदेशातले एक उदाहरण उपयोगी आहे. अमेरिकेत 1969 साली ‘सेसमी स्ट्रीट’ सुरू होण्याआधी एडवर्ड पामर या संशोधकाने एक साधी युक्ती वापरली. मुलासमोर कार्यक्रम लावायचा आणि शेजारी दुसऱ्या पडद्यावर दर काही सेकंदांनी चित्र बदलत ठेवायचे. मूल कोणत्या क्षणी नजर वळवते, त्याची नोंद घ्यायची. नजर वळली तो भाग दुरुस्त करायचा. परीक्षक मूलच होते. आपल्याकडे अहवालात कार्यक्रमांची संख्या येते. नजर कुठे वळली ते येत नाही.

ही कसोटी आमच्या भागात लावून पाहावी. गळीत हंगामात माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या परिसरात ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या उभ्या राहतात. आईबाप पहाटे फडात जातात, थोरली बहीण धाकट्याला सांभाळते. तिच्या हातात आता पुष्कळदा मोबाइल असतो. अशा एका मुलीला मी विचारले, काय बघतेस? तिने जे दाखवले त्यात कोयता नव्हता, वाढे नव्हते, बैलगाडी नव्हती आणि तिची बीडकडची बोलीही नव्हती. सगळे हिंदी, सगळे शहरी. शाळेच्या वेळापत्रकात ती बसत नाही आणि जाहिरातदाराच्या हिशेबातही नाही. मराठी बालमाध्यमाची परीक्षा तिच्यापाशी घ्यावी, असे मला वाटते.

त्यासाठी नवी मोठी संस्था काढण्याची गरज नाही. ‘बालचित्रवाणी’चा जुना संग्रह खुला करावा, आज तो थांबवता येईल, पुन्हा पाहता येईल. बारामतीत विद्या प्रतिष्ठानचे ‘वसुंधरा वाहिनी’ हे सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. अशा केंद्रांवर आठवड्यातला अर्धा तास मुलांनी स्वतः, आपल्या बोलीत करावा आणि त्यात कोपीवरची मुलेही असावीत. आणि कोणताही कार्यक्रम राज्यभर जाण्याआधी दहा-पंधरा मुलांना दाखवून त्यांची नजर कुठे हटते ते लिहून ठेवावे. या कामाला एक वही आणि बसायला एक सतरंजी एवढेच लागते.